पाहुणीच्या बदल्यात

आमच्या आबांना पाहुणचाराची हौस कधीच नव्हती. सख्खी आत्या दिवाळीला राहायला आली, तरी दुसऱ्या दिवशी तिला बारामतीच्या स्टँडवर सोडायला हे गाडी काढून तयार. तोच माणूस हॉलंडची पोरगी घरात येणार म्हटल्यावर जळोचीच्या चौकात फ्लेक्स लावून मोकळा झाला. स्वागत तिचं आणि फोटो आबांचा, दोन्ही हात जोडलेला. ती बिचारी खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी.

योजना बारामतीतल्या एका क्लबची होती. तिकडची मुलगी नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी राहणार आणि पुढच्या हिवाळ्यात मी तिच्या घरी. कॉलेजात मुलाखत मी दिली, इंग्रजीत, आणि निवड माझी झाली. मला दुसरं काही नको होतं. एकदा तरी स्वतःच्या जिवावर इथून बाहेर पडायचं होतं, बस्स.

पोरगी गुणी होती. माझ्याच खोलीत झोपायची, सकाळी उठून आईच्या हाताखाली भाकरी थापायला बसायची. भाकरी हातातच फाटायची, पण बसायची. आबांना मात्र तिला घरात बसू द्यायचं नव्हतं. आज याच्याकडं हुरडा, उद्या त्याच्याकडं सत्यनारायण, परवा कुणाच्या तरी नव्या ट्रॅक्टरची पूजा. "चला म्याडम" म्हणायचे आणि तिला जीपमध्ये घालायचे. नवा बैल गावात मिरवावा तशी मिरवली तिला. नाताळच्या दिवशी तिला आपल्या आईशी निवांत बोलायचं होतं; त्या दिवशी ती कुणाच्या तरी दूध डेअरीची फीत कापत होती. नारळही तिच्याच हातानं. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि आबा फोटोसाठी मिशीवरून हात फिरवत होते.

एका रविवारी आबा म्हणाले, "वालचंदनगरचं पाव्हणं येणार हायेत, म्याडमला बघायला. तू जरा साडी नेस."

म्याडमला बघायला यायचं तर साडी मी कशाला नेसायची? न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. मुलगा कारखान्यात नोकरीला, राहायला क्वार्टर, वर इंदापूरकडं ऊस. आबांनी सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं.

आईनं पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मी जाणार नाही. आमची तिथंच जुंपली. पाहुणीला वाटलं, काम फार झालंय म्हणून आम्ही भांडतोय. तिनं मदत म्हणून ट्रे माझ्या हातातून घेतला आणि सरळ बैठकीत गेली. आता आपल्याकडं पोहे घेऊन येते ती नवरी, हे तिला कुणी सांगावं? पोहे देऊन ती मधोमध मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर बसलीसुद्धा. मुलाच्या आईनं सवयीनं विचारलं, "सैपाक येतो का गं?" एवढा एक शब्द तिला ओळखीचा. ती म्हणाली, "बाकरी." झालं! सगळी बैठक खूश. मुलाच्या वडिलांनी तिच्याबरोबर सेल्फी काढले, मुलगा मागं उभा राहून दात काढत होता. मी दारात उभी. माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. जाताना मात्र म्हणाले, "पसंत हाय."

"कोण पसंत?" मी आईला विचारलं.

आई म्हणाली, "गप बस."

त्यांची अट एकच होती, म्याडम जायच्या आत साखरपुडा. हुंडा नको, मानपान नको, फोटोत गोरी पाहिजे. पौष लागला होता. पौषात आमच्याकडं कुणी सोयरिकीचा विषयसुद्धा काढत नाही. गुरुजी नाही म्हणाले, तर आबांनी दुसरे गुरुजी आणले आणि मुहूर्त विमानाच्या तिकिटावरून काढला. धन्य आहे!

मी आबांना विचारलं, "आणि माझं जायचं?"

"अगं, लगीन करून जा की. कोण आडवतंय? परदेश काय पळून चाललाय व्हय?"

उन्हाळ्यात लग्न झालं. जायची वेळ जवळ आली तशी मी विषय काढला. सासरे, म्हणजे आमचे मामा, म्हणाले, "सून एकली परदेशात धाडली तर लोकं काय म्हणतील?" दुसऱ्याची पोरगी एकटी आपल्या मुलखात आली, तिच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढताना लोकं आठवली नव्हती यांना. नवऱ्यानं वडिलांकडं बघून मान हलवली. तेवढं त्याला चांगलं जमतं.

आबांनी वेळ दवडला नाही. "जागा वाया कशाला घालवायची?" म्हणत माझ्या धाकट्या भावाला पाठवून दिलं. बारावीला गचकलेला, आणि पाहुणी घरात होती तोवर तिला पाण्याचा तांब्यासुद्धा न दिलेला. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

नाताळात त्याचा व्हिडिओ कॉल आला. क्वार्टरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे बसलो होतो. तिकडं झाडाला दिवे लावलेले, भावाच्या अंगात कुणाचा तरी जाड स्वेटर. मामा फोनपुढं तोंड घालून "हॅलो म्याडम, हॅलो" करत होते. पाहुणीनं त्यांना हात हलवला आणि मला फोन द्यायला सांगितलं. मग तिची आई पुढं आली. गोड बाई. इंग्रजीत, मला समजावं म्हणून हळूहळू म्हणाली, तुझी तब्येत आता बरी आहे ना? तू एवढी आजारी पडलीस म्हणून आम्हाला फार वाईट वाटलं.

आजारी! म्हणजे आबांनी क्लबला हे सांगितलं होतं, आणि तिथं जाऊन यानंही तेच. पडद्याच्या कडेला तो मला डोळ्यांनी खुणावत होता, सांभाळून घे म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इंग्रजीतच, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मी आजारी नव्हते. मी यायला तयार होते. माझं लग्न लावलं आणि माझ्या जागी याला पाठवलं. हे सगळे तुमच्याशी खोटं बोललेत."

मग फोन बंद झाला. भावानंच केला असणार.

मामा अजून हसऱ्या तोंडानं बसले होते. "काय म्हणत व्हत्या? लई येळ बोललीस की. आपल्याला बलावत्यात का काय तिकडं?"

मग मी तेच सगळं त्यांना मराठीत सांगितलं.