दादाची किडनी आणि आमच्या बाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाई भर वर्गात वाक्य अर्धं सोडून गोळी घेत. गजर वाजला की खडू खाली, मास्क बाजूला, घोटभर पाणी, की तेच वाक्य पुढे सुरू. बोईसरच्या आमच्या कॉलेजात बारा महिने मास्क लावणाऱ्या त्या एकट्याच. नव्या मुलांना वाटे, कारखान्यांच्या वासाला कंटाळल्या असतील. थकलेल्या तर त्या होत्याच. खुर्चीतूनच शिकवत, फळ्यापर्यंत जायचं झालं तर आधी नुसतं त्याच्याकडे बघून घेत.

बाईंच्या पोटात थोरल्या भावाची किडनी होती. दादा बोटीवर जाणारे, किनाऱ्यावरच्या गावातले. प्रतिकारशक्तीचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं.

"परकं कुणी दाराशी आलं म्हणून पांढरी पेशी लगेच लढायला उठत नाही. आत निरोप जावा लागतो. तो नेतं कॅल्शियम. ते वाढलं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं, बातमी केंद्रकापर्यंत जाते, मग लढाई. माझी गोळी त्या विकराला गप्प बसवते. माझ्या पेशींना दादा परका वाटतो, काय करणार?"

त्या हसल्या. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

दादांना हे पटत नसे. बहीण सदा सर्दी-खोकल्याने बेजार, हे त्यांना बघवत नव्हतं. एका भाऊबीजेला मी बाईंच्या बेटेगावच्या घरी गेलो होतो. ओवाळून झाल्यावर दादांनी ताटात मनोरच्या बाजारातून आणलेल्या गुळवेलीच्या कांड्या ठेवल्या.

"रोज काडा पी. अंगात ताकद येल."

"दादा, ती ताकद पयली तुज्याच किडनीवर उठंल."

"माजी किडनी तुला परकी कशी? आपलं रगत एक हाय."

बाईंना वाद घालायचंही त्राण नव्हतं. ओवाळणी परत कशी करणार? त्यांनी कांड्या कपाळाला लावल्या आणि गॅलरीच्या गजाला टांगल्या. गुळवेलच ती, मातीवाचून पालवली. दादा येतील तेव्हा हिरवी पानं बघून खूश होत. वेल जगवलीय म्हणजे बहीण काढा पीत असणार, असं त्यांना वाटे. बाईंनी ते वाटू दिलं.

मग एका साध्या तापाचा न्यूमोनिया झाला. निरोप अडवणारी गोळी तो किडनीपुरताच थोडीच अडवते, जंतू आल्याचाही अडवते. डॉक्टरांनी गोळी कमी केली, पण उशीर झाला होता. बाई गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

दहाव्याला दादांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर बोलले, किडनी शेवटपर्यंत चांगली व्हती. मंग माजी भन गेली कशानं?"

तुमची किडनी जपता जपता गेली, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तापानं, दादा," मी म्हटलं.