हाय तशीच

"हाय तशीच, मॅडम."

खोलीत शिरता शिरताच ती हे सांगून टाकायची आणि लेकीच्या गालावरची काजळाची तीट बोटाने आणखी गडद करायची.

पालघरच्या आमच्या केंद्रात मी उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करते. ही शिरगावची. नवरा बोटीवर, स्वतः सुकी मासळी विकणारी. लेक पाच वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा आपल्यावर काडीचा विश्वास नसतो, पण येणं मात्र चुकत नाही. ती बाकावर न बसता दाराला टेकून उभी राहायची. माझं प्रत्येक खेळणं उलटंपालटं करून बघायची. मुलीने चेंडू दिला आणि मी "शाब्बास!" म्हटलं, की हिच्या कपाळाला आठी. एकदा तर तोंडावर म्हणाली, "तेवढं नका बोलू." आता कौतुक न करता मुलाला शिकवायचं तरी कसं? माझं डोकंच फिरलं.

मीही काही कमी संशयी नाही. प्रत्येक आईबापाला मी घरचा अभ्यास देते. वस्तू समोर धरायची, नाव घ्यायचं आणि मुलाची वाट बघायची. मूल बोलायला लागतं ते घरी, माझ्या खोलीत नव्हे. हिला अभ्यासाचं विचारावं तर नुसती मान हलवायची, आणि पुन्हा तेच, हाय तशीच. मला पक्कं वाटायला लागलं, की ही घरी काही म्हणता काही करत नाही. त्यात केंद्र चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं, फरक दिसत नसेल तर त्या मुलीची वेळ दुसऱ्या कुणाला द्या, पालक रांग लावून बसलेत.

म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूच. रविवारी न कळवता शिरगाव गाठलं.

अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. मायलेकी माझ्याकडे पाठ करून बसलेल्या. तिने एक बोंबील उचलून लेकीसमोर धरला, त्याचं नाव घेतलं आणि गप्प राहिली. मी शिकवलं होतं अगदी तस्संच.

"बोंबील," मुलगी म्हणाली. मग वर बोट दाखवून, "आये, कावला!" आणि त्याला हाकलायला धावली.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंडातून "शा..." एवढंच निघालं असेल, तोच आई वळली. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. धावत जाऊन तिने लेकीच्या तोंडावर हात दाबला.

मग मला ओट्यावर बसवून तिने सगळं सांगितलं. दीड वर्षाची असताना पोर भराभरा बोलायची. एका लग्नाच्या हळदीत सगळ्यांनी तिला पुन्हापुन्हा बोलायला लावलं, तोंडभर कौतुक केलं. त्यानंतर एकेक करून सगळे शब्द गेले. मी समजावलं, काही मुलांचं असं होतं, पण ते कौतुकामुळे नाही होत. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल," ती म्हणाली. "पन शब्द परत गेले तं तुमी आनून द्याल काय?"

तिने बांधून दिलेले बोंबील घेऊन मी परत आले. मोठ्या बाईंना सांगितलं, तिची वेळ राहू द्या, माझी जबाबदारी. पुढे खोलीत मुलगी काही बोलली, की आम्ही दोघी काही ऐकलंच नाही अशा खिडकीबाहेर बघत राहायचो. मला ते फार जड जायचं.

आता ती येत नाही. मुलगी गावच्या शाळेत जाते. कधीमधी फोन येतो. लेक कशी आहे विचारलं, की म्हणते, "हाय तशीच," आणि मागून लेकीची अखंड बडबड चालू असते. मी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

परवा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ती शिरगावची मुलगी आता चांगली बोलत असेल, नाही का?

मी खिडकीबाहेर बघितलं.

"हाय तशीच," मी म्हटलं.