जेवणाच्या तीन पाळ्या

आमची फर्म मध्यम आकाराची आहे. म्हणजे कोट मोठ्या फर्मसारखे घालायचे आणि फी सांगताना आवाज छोट्या फर्मसारखा खाली आणायचा. मुख्य ऑफिस पुण्यात, आणि सोलापुरात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आम्ही मोजकी माणसं. कारखान्यांना कामकाज कसं सुधारावं याचा सल्ला आम्ही देतो. माझ्या आईला हे मी आजवर नीट समजावू शकलेले नाही. ती शेजारणींना सांगते, "कंपन्या तपासते आमची." तपासणारी म्हटलं की लोक जरा सावरून बसतात, त्यामुळे मीही तिची चूक कधी दुरुस्त केली नाही.

फर्मची एक पद्धत आहे. मोठे बदल सुचवायच्या आधी पहिल्या महिन्यात एक छोटासा, बिनखर्चाचा बदल करून दाखवायचा. त्याला आम्ही 'क्विक विन' म्हणतो. मालकाला एकदा वाटलं की आपले पैसे पाण्यात गेले नाहीत, की तो पुढचं ऐकून घेतो. पुण्याचे सर दर सोमवारी व्हिडिओ कॉलवर 'कशी आहेस' विचारायच्या आधी 'क्विक विन काय आहे' ते विचारतात. माणूस वाईट नाही. त्यांनाही वर कुणीतरी तेच विचारत असणार.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना मला मिळाला, तेव्हा मी पहिल्या दिवशी डबा न घेताच गेले होते. विचार केला, बाहेर कुठंतरी खाऊ. एक वाजता भोंगा झाला, सगळी मशीन एकदम थांबली आणि कान सुन्न झाले. पॅकिंगच्या हॉलमध्ये लोक पुठ्ठे अंथरून दोन रांगांत समोरासमोर बसायला लागले. एका बाजूला टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका, आपापसात तेलुगू बोलणाऱ्या. दुसऱ्या बाजूला कटिंगचे, पॅकिंगचे पुरुष. मी पर्स उचलून दाराकडे निघाले, तशी शिवणातली एक बाई म्हणाली, "म्याडम, कुटं उन्हात जाता? बसा की हितं." मीही फार आढेवेढे घेतले नाहीत, भूक लागली होती.

माझ्या शेजारी मामा बसले होते. टॉवेलच्या घड्या घालून पिशवीत भरायचं काम त्यांचं. वळसंगहून सकाळच्या एसटीने यायचे. साठीला टेकलेले, बोलणं कमी, आणि बोलताना मध्येच कानडी. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, मालकसुद्धा. त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यासमोर धरली. मी शहाण्यासारखा हात आडवा केला, म्हटलं, नको नको, तुम्हाला कमी पडेल. त्यांनी माझा हात बोटानं बाजूला सारला.

"हितं हात आडवा धरायचा न्हाय, म्याडम," ते म्हणाले. "एकानं धरला की फुडच्याला द्यायला जमत न्हाय."

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मामांच्या डब्यात भाकऱ्यांशिवाय काही नसतं. त्यांची बायको आदल्या वर्षी गेली होती, मुलगा पुण्यात. जाडजूड भाकरी तेवढी ते स्वतः थापायचे, भाजी त्यांना जमत नव्हती, किंवा जमवावीशी वाटत नव्हती. ते डबा उघडून झाकण पुढ्यात ठेवायचे, आणि मग समोरून वांग्याची भाजी यायची, कुणाची आमटी, कुणाची अंबाडीची भाजी, शेंगाचटणी तर कुणाचीही. बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघता, बायका झाकणात वाढायच्या. मामाही त्यांच्याकडे न बघता आपल्या भाकरीचे तुकडे शेजारीपाजारी देत राहायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. निदान त्याबद्दल कधी कुणी बोलायचं नाही. मला एकीनं हळूच सांगितलं तेही हात धुताना, नळाच्या आवाजात.

मी दुसऱ्या दिवसापासून डबा न्यायला लागले आणि रोज तिथेच जेवले. लाज सोडून सांगायचं तर माझं सगळं काम त्या पुठ्ठ्यांवर झालं. माल कुठे अडतो, कोणतं मशीन कायम रुसलेलं असतं, कोणत्या सुपरवायझरचं कुणाशी पटत नाही, हे मला कॅबिनमध्ये कुणी सांगितलं नाही. जेवताना लोक सहज बोलून गेले आणि मी संध्याकाळी ते लॅपटॉपवर उतरवलं. त्यांना वाटायचं, बाई साधी आहे, आपल्यात बसते. साधी तर मी नव्हतेच.

महिना संपत आला तरी माझ्याकडे क्विक विन नव्हता. सोमवारच्या कॉलवर सरांनी दिवसाचं वेळापत्रक पाहिलं आणि एक वाजताच्या ओळीवर थांबले. "सगळं एकदम बंद? आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ जातो?" जातो, मी म्हटलं. गप्पा लांबतात, मशीन तापायला वेळ लागतो. "मग हा घे तुझा क्विक विन," ते म्हणाले. "तीन पाळ्यांत जेवण. एक रुपया खर्च नाही."

त्या संध्याकाळी मी तक्ता केला. पहिली पाळी शिवण, हिरवा रंग. दुसरी कटिंग आणि तपासणी, पिवळा. तिसरी पॅकिंग आणि लोडिंग, निळा. मामा निळ्यात गेले. मला सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. निळा रंग भरताना मामांचं झाकण माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. मी मनात म्हटलं, मोठा माणूस आहे, काहीतरी करेल, आणि सेव्हचं बटण दाबलं. कामाच्या भाषेत याला 'विभागवार विचार' म्हणतात.

बदल सुरू झाला आणि जोरात चालला. सगळी मशीन आता एकदम थांबत नव्हती. मालकाने आम्हाला पेढे पाठवले. पुण्याच्या सरांनी माझा तो तिरंगी तक्ता नव्या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये घेतला आणि मला तो समजावून सांगायला बोलावलं. मी गेले, छान बोलले, टाळ्या घेतल्या. परतताना गाडीत मला काही खावंसं वाटेना. प्रवासाचा त्रास, असं मी आईला फोनवर सांगितलं.

आढावा घ्यायला पुन्हा कारखान्यात गेले तेव्हा मालकाने मला थेट कॅबिनमध्ये नेलं. एसी लावला, हॉटेलातून पनीर मागवलं. मी दोन घास खाऊन, जरा फेरी मारते म्हणून उठले. तिसरी पाळी चालू होती. पॅकिंगची बाकीची पोरं आणि लोडिंगचे गडी गेटवरच्या गाड्यावर भजी खायला गेले होते. पॅकिंगच्या हॉलमध्ये एका उपड्या खोक्यावर मामा एकटेच बसले होते, आणि भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होते. मागे शिवणाची मशीन धडधडत होती. त्या बायकांच्या पाठी दिसत होत्या, हात खाली गुंतलेले.

मला पाहून मामा उठायला लागले. मी बसा बसा म्हणत राहिले. मग विचारलं, "बरं चाललंय ना, मामा?"

"व्हय की," ते म्हणाले. "तुमचे लई उपकार झाले बघा."

"माझे कसले?"

"तपासणारी बाई आली म्हणल्यावर आमी सगळी भ्यालो होतो. कुणाला तरी घालवणार, मला तर नक्कीच, वय झालेलं. तुमी कुणालाच घालवलं न्हाय. जेवणावर भागलं." आणि त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा मोडून अर्धा माझ्यापुढे केला. मी तो घेतला. पनीर खाल्लेल्या तोंडाने ती कोरडी भाकरी गिळणं फार अवघड गेलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या खोक्याशेजारी उभं राहून कळलं.

मी तशीच मालकाकडे गेले आणि म्हटलं, जेवण पुन्हा एकत्र करू या. ते हसायला लागले. "मॅडम, तुम्हीच सुरू करायचं, तुम्हीच बंद करायचं, आणि फी दोन्हीची तुम्हालाच?" सरांना फोन केला. ते म्हणाले, "डेटा काय सांगतो?" डेटा सांगत होता की उत्पादन वाढलंय. झाकणाचा डेटा माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी त्याला कोणता रंग देणार होते मी?

मग मी आमच्याच पद्धतीने मार्ग काढला. पुढच्या अहवालात लिहिलं की घडीचं टेबल शिवणाच्या रांगेला जोडल्यास मालाचा प्रवाह सुरळीत होईल. खरंतर फारसा फरक पडणार नव्हता. पण घडीचं टेबल शिवणाकडे गेलं की मामा हिरव्या रंगात जाणार होते, पहिल्या पाळीत, त्याच बायकांसमोर. 'मालाचा प्रवाह' वाचून मालकाने लगेच होकार दिला. वर शिवणाकडच्या सुपरवायझरला बाजूला घेऊन मी खरं कारण सांगितलं, म्हणजे तो मध्येच काही बदलणार नाही. तो भला माणूस. त्याचे डोळे भरून आले. त्या आठवड्यात मी घरी खुशीत होते, आणि आईने विचारलं तर म्हटलं, एक काम मनासारखं झालं.

शेवटच्या भेटीला मी स्वतःचा डबा घेऊन गेले. आईला मुद्दाम भरली वांगी करायला लावली होती, भरपूर. भोंगा झाला, शिवणाच्या बायका पुठ्ठे अंथरून बसल्या, मामाही आले. मी हात धुवायला नळावर गेले तेव्हा मला पहिल्या दिवशी बोलावणारी ती बाई मागोमाग आली.

"मामा आता काय घेत न्हाईत, म्याडम."

"का?"

"सुपरवायझरनं सगळ्यांदेखत सांगितलं की. मामा, म्याडमनी खास तुमच्या जेवणाची सोय केली, आता उपाशी ऱ्हायचं न्हाय म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "आमी कदी बोललो नव्हतो ओ तसं."

मी जाऊन मामांच्या शेजारी बसले. त्यांनी डबा उघडला होता. दोन भाकऱ्या, आणि कागदाच्या पुडीत दुकानातली विकतची चटणी. झाकण उलटं करून त्यांनी मांडीखाली ठेवलं होतं, नेहमीसारखं पुढ्यात नाही. मी काहीच माहीत नसल्यासारखं इकडचं तिकडचं बोलत, त्यांच्याकडे न बघता, चमच्याने एक वांगं उचललं आणि त्यांच्या डब्याकडे नेलं. त्या बायका करायच्या तसंच करायचा प्रयत्न होता माझा.

मामांनी डब्यावर हात आडवा धरला.

"असू द्या, म्याडम," ते हसून म्हणाले. "हाय की माझ्याकडं."

माझा चमचा तसाच हवेत राहिला. समोरच्या बाईनेही आमटी वाढायला डबा तिरका केला होता. तिने तो सरळ केला आणि खाली मान घालून जेवायला लागली.