दाखल्यात न लिहिलेला शब्द

युद्धाआधी, आमच्या यॉर्कशायरच्या गावात, हॅना क्लेग अकरा वर्षं माझ्या घरी राहून काम करत होती. सोमवारी कपडे, शुक्रवारी लोखंडी चुलीला काळं पॉलिश. एक वेळ घड्याळ चुकेल, हॅना चुकायची नाही. माझ्या नवऱ्याचं पाकीट कोटात राहिलं तर तसंच टेबलावर आणून ठेवायची, वर मलाच बोल लावायची.

मग तिची आई अंथरुणाला खिळली. संध्याकाळी घरी जाता येईल असं काम हवं, म्हणाली, आणि नव्या मालकिणीला दाखवायला वागणुकीचा दाखला मागितला. माझं डोकंच फिरलं. मला सोडून जाते म्हणजे काय!

आमच्याकडे दाखल्यात तीन शब्द लागतातच: प्रामाणिक, निर्व्यसनी, स्वच्छ. मालकिणी दाखला वाचत नाहीत, नुसता तो पहिला ‘प्रामाणिक’ शोधतात. तो नसला तर बाई चोर, मग बाकी कितीही कौतुक असो. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी निर्व्यसनी लिहिलं, स्वच्छ लिहिलं, वर वक्तशीरही लिहिलं आणि तेवढा एक शब्द गिळला. खोटं एक अक्षर नाही! जळो मेली माझी हुशारी.

पाच घरांनी ‘कळवू’ म्हणून तिला वाटेला लावलं. सहाव्या घरी पाद्र्याच्या बायकोने, आमच्या पाद्रीबाईंनी, दाखल्यात ‘प्रामाणिक’ नाही हे तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हॅना आली आणि तिने आपली पिशवी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. फणी, रुमाल, आईच्या औषधाची बाटली.

“यातलं तुमचं काय आहे ते उचला, बाईसाहेब.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवा दाखला लिहायला कागद ओढला, तर तिने हात आडवा धरला.

“कागद नको. आता गावभर झालंय. शनिवारी खाटकाकडे सगळ्या असतात, तिथे तोंडाने सांगा.”

सांगते म्हणाले. शनिवारी रांगेत सगळ्या होत्या, पाद्रीबाईसुद्धा. हॅना माझ्यामागे तिसरी. माझा नंबर आला. तो शब्द उच्चारायचा तर आधी का लिहिला नाही, तेही सांगावं लागणार होतं, आणि सगळ्या माझ्याचकडे बघत होत्या.

“चार चॉप्स द्या,” मी म्हणाले.

पुडकं घेऊन वळले. अकरा वर्षांच्या सवयीने हॅना रांग सोडून पुढे झाली आणि तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं.