पांढऱ्या भिंती आणि सहा जुने चष्मे

सगळं केंद्र त्यांना चष्मेवाल्या बाई म्हणतं. गंमत अशी की बाईंना स्वतःला चष्मा नाही. बावन्नाव्या वर्षीही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. हे चष्मे म्हणजे व्हीआरचे हेडसेट. डोळ्यांवर बांधले की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या बागेत जातो, बाजारात जातो, बससुद्धा चालवतो. पक्षाघातातून उठलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेणाऱ्या त्या केंद्रात असे सहा चष्मे होते. सातवा होता त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. आजोबांचा पडदा कधीच गेला होता, पण त्यांचे पट्टे, स्क्रू आणि केबल काढून काढून बाकीचे सहा जगत होते.

लोकांनी टाकायला काढलेल्या वस्तू सांभाळण्यातच बाईंचा जन्म गेला. आधी टाइपरायटर, मग प्रिंटर, आता हे. चष्मे बनवणाऱ्या कंपनीने हात वर करून बरीच वर्षं झाली होती. स्पंज झिजला की बाई घरी जुन्या उशीतला फोम कापून नवा शिवायच्या. भिंगं पुसायला नवऱ्याचे जुने बनियन. "माझे निम्मे बनियन त्या केंद्रात नोकरीला आहेत," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

पण ही सगळी किरकोळ दुखणी. खरं संकट म्हणजे कॉम्प्युटरचं अपडेट. दर अपडेटला जुन्या चष्म्यांचं काही ना काही बिनसायचंच, आणि आता येऊ घातलेल्या अपडेटात तर जुने चष्मे चालवणारा भागच कॉम्प्युटरवाल्या कंपनीने काढून टाकला होता. अपडेट लांबवता येतं, पण एका वेळी पस्तीसच दिवस. म्हणून बाई दर पस्तिसाव्या दिवशी सकाळी लवकर येऊन ते पुढे ढकलायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या तारखेला लाल गोल करायच्या. सहा वर्षं हा नेम चुकला नव्हता. जुनी कॅलेंडरंसुद्धा त्यांनी गुंडाळी करून कपाटात जपून ठेवली होती. कशाला, ते विचारू नका. काही टाकून देणं त्यांच्या स्वभावातच नाही.

मग मुलीचं बाळंतपण आलं. बाई आठ दिवसांसाठी गेल्या आणि नातीचं तोंड पाहून आणखी चार दिवस राहिल्या. लाल गोल नेमका त्या चार दिवसांत होता.

सोमवारी परत आल्या तर खोली ओळखू येईना. साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, ती रंगवून घेतली होती. भिंती पांढऱ्याशुभ्र, त्यांवर पोस्टर नाही की कॅलेंडर नाही. बाईंनी कॉम्प्युटर लावला आणि पडद्यावर नवंच स्वागत आलं. अपडेट होऊन गेलं होतं. सहाच्या सहा चष्मे आंधळे झाले होते.

अपडेट झाल्यावर दहा दिवस मागे फिरायची सोय असते. बाईंनी ती शोधली, तर तीही गायब. काउंटरवरची मुलगी दारात उभी राहून रडायलाच लागली. "ताई, जागा संपली म्हणून सारखं सांगत होता तो. मी जुन्या फायली उडवल्या. मला वाटलं, जुन्याच तर आहेत!"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण घटकाभरच. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझी चूक नंतरची. तारीख मी चुकवली."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना फक्त रिकामी खोली बघवत नसे. "बाई, नवे चष्मे काही येणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. गुरुवारपर्यंत हे चालू झाले तर ठीक, नाहीतर खोली स्टोअरला देतो. खाटा व्हरांड्यात पडल्यात माझ्या."

बाईंना खाटांचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ड्रायव्हरकाका आले. काकांनी तीस वर्षं बस चालवली, आणि एका सकाळी मेंदूत रक्ताची गाठ होऊन त्यांचं अर्धं जग हरवलं. डोळे शाबूत, पण डावी बाजू आहे हेच मनाला पटेना. ताटातलं डाव्या बाजूचं अन्न तसंच राहायचं. डाव्या गालाची दाढी राहायची. बायको डावीकडे बसली तर ती कुठे गेली म्हणून हाका मारायचे. म्हणून काकू चार महिने न चुकता त्यांच्या उजवीकडे बसत होत्या. चष्म्यात काका पुन्हा बस चालवायचे आणि डावीकडच्या थांब्यांवर माणसं घ्यायचे. सुरुवातीला दहापैकी एकही थांबा दिसला नाही. बाई गावाला गेल्या तेव्हा चार दिसत होते. हे इथेच थांबलं तर त्याचा दोष आपला, असं बाईंना वाटत होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

मंगळवार त्यांनी एका संकेतस्थळावर घालवला. जगभरातले जुन्या चष्म्यांचे हट्टी मालक तिथे जमतात आणि एकमेकांना उपाय सांगतात. त्यांच्यातल्याच कुणीतरी, स्वतःचा चष्मा फेकवेना म्हणून, एक छोटा प्रोग्राम लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकला होता. काढून टाकलेल्या भागाचं काम तो करणार होता. बाईंनी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात शंभर वर्षांचं आयुष्य दिलं.

बुधवारी दुपारी चष्म्यात चित्र आलं आणि बाईंच्या जिवात जीव आला. तो पाच मिनिटंही टिकला नाही. चित्रातला रस्ता पायाखालून सरकत होता. बस उभी असताना थांबे चालत होते. काउंटरवरच्या मुलीने चष्मा लावून पाहिला आणि भिंत धरून खालीच बसली. संध्याकाळपर्यंत बाईंनी सहाही चष्मे लावून पाहिले, केबल बदलल्या, आजोबांचीसुद्धा केबल लावली. सगळ्यांचं एकच रडगाणं. काकांना हे लावलं असतं तर त्यांनी पुन्हा खोलीत पाऊल टाकलं नसतं.

गुरुवारी सकाळी चष्मा डोळ्यांवर असतानाच साहेबांनी व्हरांड्यातून हाक मारली म्हणून बाई दाराकडे वळल्या. रस्ता एकदम थांबला. त्या पुन्हा खोलीकडे वळल्या, रस्ता सरकला. दाराकडे, थांबला. बाईंनी चष्मा काढला आणि समोर पाहिलं. व्हरांड्यात नोटिसांचा फळा, खाटा, पाण्याचं पिंप. आत कोरी पांढरी भिंत.

"अगं बाई!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

चष्म्याच्या कपाळावर दोन कॅमेरे असतात. ते खोलीतल्या खुणा बघून आपण कुठे आहोत ते ठरवतात. पूर्वी भिंतीवर स्नायूंचे तक्ते होते, ओलीचे डाग होते, कॅलेंडर होतं. चष्म्यांना त्यांचा आधार होता. साहेबांच्या रंगाने तो पुसून टाकला होता. प्रोग्राम निर्दोष होता. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दारात उभ्या साहेबांना आत ओढायचंच तेवढं बाकी ठेवलं.

त्यांनी कपाट उघडलं. सहा वर्षांच्या कॅलेंडरांची पानं सुटी करून त्या आणि काउंटरवरची मुलगी दोघी भिंतीवर चिकटवत सुटल्या. काही सरळ, काही तिरकी, छतापर्यंत. मे महिन्याशेजारी नोव्हेंबर, आणि जिथे तिथे लाल गोल.

"बाई, रंग वाळून आठवडा नाही झाला!" साहेब ओरडले.

"साहेब, रंग चांगलाच आहे. फक्त चष्म्यांना दिसत नाही."

एवढ्यात काका-काकू आले. सगळ्या खुर्च्या उजव्या भिंतीपासून ओढून डावीकडे रचलेल्या, जमिनीवर गोंद आणि कागदाचे कपटे. काकूंना बसायला जागा उरली ती काकांच्या डावीकडे. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या तिथे टेकल्या, बिचकतच.

बाईंनी काकांच्या डोक्याला चष्मा बांधला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रस्ता उमटला आणि खिळल्यासारखा जागच्या जागी राहिला. काकांनी बस काढली. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला काकांची मान हळूहळू वळली.

"चला, चला, आत सरका!" काका कडाडले. "दारात उभं राहू नका!"

चौथा. पाचवा सुटला. सहावा, सातवा, आणि मग दहाव्यापर्यंत सगळे. काउंटरवरची मुलगी बोटांवर मोजत होती आणि शेवटी दोन्ही हात वर करून ओरडली, "सात! ताई, दहापैकी सात!" बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. हे आपण केलं, असं त्यांना त्या दिवशी बिनदिक्कत वाटलं.

त्यांनी चष्मा उतरवला. काकांनी कपाळावरचा घाम पुसला, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि मग कुणी काही न सांगता मान डावीकडे वळवली.

"तू इकडे कधीपासून बसलीयेस?" त्यांनी विचारलं.

काकूंनी नुसता काकांचा हात धरला, डावा.

दारातले साहेब आत आले. भिंतीवरच्या एका पानाचा कोपरा सुटून लोंबत होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि व्हरांड्यातल्या खाटा वरच्या मजल्यावर न्यायला सांगितलं.