मागच्या बाजूचं अक्षर

अगं, दारात काय उभी राहतेस? अशी जवळ येऊन बस. बोईसरला कंप्युटरवर ड्रॉइंग काढायच्या नोकरीला लागून तुला चार महिने झाले आणि मावशीला ते कळलं शेजारणीकडून. बरं दिसतं का हे? त्याच कामात मी आयुष्य काढलं, एवढं तरी लक्षात ठेवायचंस. असो, रागावले नाही. पण आलीच आहेस तर आमच्या ट्रेसरकाकांबद्दल ऐकून जा.

ट्रेसरकाका उलटं लिहीत. आरशात दिसावं तसं, उजवीकडून डावीकडे, आणि तेही आपण सरळ लिहितो त्या वेगानं. पहिल्या दिवशी ते बघून मला हसू आलं, तर मानही वर न करता म्हणाले, "हस बाय. महिन्याभरात तुला पण लिवायला लावतो." महिनाभरात नाही, पण वर्षभरात मला ते जमायला लागलं. सातवी शिकलेली, केळव्याशेजारच्या माहीमहून एसटीनं येणारी मी. मला हातात पेन धरायला खऱ्या अर्थानं त्यांनीच शिकवलं.

तुला आता नवल वाटेल, पण तेव्हा ड्रॉइंग म्हणजे हाताचं काम. इंजिनियर पेन्सिलीनं काढून द्यायचा. त्यावर पारदर्शक कागद अंथरून ट्रेसरनं ते शाईत उतरवायचं, आणि त्या कागदावरून अमोनियाच्या मशीनवर निळ्या रेघांच्या प्रती काढायच्या. तारापूरच्या लहान कारखान्यांना पदरी ट्रेसर ठेवणं परवडत नसे, म्हणून ते बोईसर स्टेशनजवळच्या आमच्या ऑफिसात काम द्यायचे. दिवसभर अमोनियानं डोळे चुरचुरत. घरी गेले की सासूबाई विचारायच्या, आज कुणी रडवलं?

लांब रेघ ओढताना काका श्वास रोखून धरत. मनगटाखाली घडी घातलेला रुमाल, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून. अशा वेळी ऑफिसचे शेठ जरी समोर येऊन उभे राहिले तरी रेघ संपेपर्यंत त्यांना उत्तर मिळत नसे. चूक झाली तर ब्लेडनं शाई इतकी हलकी खरवडत, की कागदाला कळू नये. हवा दमट असली की कागद फुगतो. मग ते तो फळीवर नुसता पसरून ठेवत आणि म्हणत, "त्याला बसू दे. घाई केलीस तर तुझी रेघ तो मानणार नाय."

उलटं लिहायचं कारण मात्र वेगळं होतं. प्रती न्यायला कारखान्यांतले फिटर यायचे. काका त्यांना चहा पाजत आणि नकाशा पुढ्यात पसरून विचारत, यातलं खोटं काय ते सांग. एखादा म्हणायचा, "काका, ये लाइन तो उधर से भी आती है." कागदावर पाइप एकीकडून यायचा आणि प्रत्यक्षात दोन्हीकडून. कुणीतरी घाईत जोड मारलेला, साहेबाला पत्ता नाही. मंजूर झालेल्या ड्रॉइंगला हात लावायचा ट्रेसरला अधिकार नसतो. म्हणून काका कागद पालथा करून मागून पेन्सिलीनं, उलट्या अक्षरात, ती खूण लिहून ठेवत. प्रत काढली की ती फिकट पण सुलटी उमटायची. जाणते फिटर आधी तेच वाचायचे. काका म्हणत, "पुढची बाजू सायबाची, मागची कामगाराची."

मग कंप्युटर आला. शेठ वाईट माणूस नव्हते. कारखानेच म्हणू लागले की आता हातची ड्रॉइंग नकोत. मुंबईहून एक तरुण साहेब शिकवायला आला. शिकायला जागा एकच होती. काकांनी मला पुढे ढकललं. म्हणाले, माझे डोळे आता त्या काचेला पुरायचे नाहीत. मी शिकले, आणि काकांच्या वाट्याला काम आलं ते हे, की कपाटातलं एकेक जुनं ट्रेसिंग काढायचं आणि मापं मला वाचून दाखवायची. मी ती मशीनमध्ये घालायची. घालून झालेलं ट्रेसिंग रद्दीत. कपाट रिकामं झालं की काकांचं काम संपणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी मुद्दाम हात हळू चालवायची. दोन दिवसांत त्यांनी ओळखलं. "मला पोसायला बसलीस काय? हात चालव."

पुढची बाजू संपली की ते कागद पालथा करून मागचं वाचू लागत. तरुण साहेबानं ते थांबवलं. म्हणाला, मंजूर नसलेलं काही घालायचं नाही, गिऱ्हाइकाला स्वच्छ ड्रॉइंग पाहिजे. साहेब जेवायला गेल्यावर काका मला म्हणाले, कुठंतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात घाल. मी म्हटलं, नंतर घालते. खुर्ची नवी होती गं, भीती वाटली.

शेवटच्या दिवशी रुमाल खिशात घालता घालता त्यांनी विचारलं, "मागचं सगळं घातलंस ना?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर तीनच महिन्यांत बेटेगावचा एक नवा फिटर आमची स्वच्छ प्रत घेऊन लाइन खोलायला गेला. कागदाप्रमाणे त्यानं व्हॉल्व्ह बंद केला होता. ॲसिड दुसरीकडून आलं. एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो. कळल्यावर काका केळव्याच्या घरून ऑफिसात आले. ती प्रत त्यांनी बराच वेळ बघितली, खिडकीशी नेऊनही बघितली. मी खाली मान घालून बसलेली. ते ओरडले नाहीत.

"बाय, तू नाय म्हणाली असतीस, तर मी गेटावर जाऊन सांगितलं असतं."

पुढे ते खरोखरच जायला लागले. शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर बसायचे आणि येईल त्या फिटरला विचारायचे, कुठल्या लाइनीवर आहेस? मग तोंडपाठ सांगायचे. वॉचमन त्यांना वेडा म्हातारा म्हणायचे. काही पोरं ऐकून घ्यायची, काही हसून निघून जायची.

शेठही अपघातानंतर घाबरले होते. मला म्हणाले, आठवतं तेवढं घाल. ट्रेसिंगं तर कधीच रद्दीत गेलेली. काकांनी एका फिटरबरोबर निरोप पाठवला, वही घेऊन केळव्याला ये, मी सांगतो, तू लिही. माहीमहून केळवं ते किती लांब? चालत जाईन एवढं. पण त्यांच्यासमोर बसायचं कोणत्या तोंडानं? या रविवारी नको, पुढच्या रविवारी, असं करता करता गणपती झाले, दिवाळी झाली. मग दुसरा निरोप आला, तो त्यांच्या दहाव्याचा.

त्यांच्या वाडीत गेले तेव्हा काकू म्हणाल्या, शेवटी शेवटी बोटानं चादरीवर लिहीत असायचे, आम्हाला काही वाचता आलं नाही.

तुझी गाडी चुकेल, ऊठ आता. पण ऐक, तुझ्याकडे ड्रॉइंगला आलाय म्हणालीस त्या कारखान्याच्या सात-आठ लाइनी मला अजून आठवतात. त्यातलं किती बदललं असेल देव जाणे, तिथल्या फिटरांना विचारून घे. माझंही हल्ली विसरायला होतं. येत्या रविवारीच ये, वही घेऊन ये. पुढच्या रविवारी म्हणू नकोस.