शेठच्या किल्ल्यातली माधवी

आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे, बाहेरची बाधा यातलं काहीच चालायचं नाही. आम्ही बौद्ध. बाबा म्हणायचे, "आधी तपासायचं, मग मानायचं." मीही तपासलंय... भरपूर तपासलंय. तरीही हे लिहितेय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

साल १९८८. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते, राहायला बदलापूरला, मांजर्लीत. दिलीप तिथेच स्टोअरमध्ये क्लार्क. बदलापूर गावातला, घरची भातशेती. दोन वर्षं आमचं जमलेलं. माझ्या बाबांनी लग्नाला होकार देऊन टाकला होता. अट एकच – पोरीचं नाव बदलायचं नाही. सुजाता हे नाव त्यांनी हौसेनं ठेवलेलं. "बाबा, नाव तसंच राहील," दिलीप म्हणाला होता. केवढं कौतुक वाटलं होतं त्यांना त्याचं! आता फक्त त्यानं त्याच्या घरी सांगायचं बाकी होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तो घरी विषय काढणार होता आणि रविवारी मला उत्तर देणार होता. भेटायची जागा मी ठरवली. बारवीच्या रस्त्यानं आत जंगलात 'शेठचा किल्ला' आहे असं ऐकलं होतं. उल्हासनगरच्या कुणा सिंधी शेठनं बायकोसाठी बांधलेला म्हणे. दोन बुरूज, कमानी, कारंजं, गुलाबाची बाग. बाई एक रात्र राहिली आणि "यहाँ मच्छर बहुत हैं" म्हणून जी गेली, ती परत आलीच नाही.

आम्ही गेलो तेव्हा जंगलानं सगळं गिळलेलं. कारंज्यात बेडूक, बुरुजातून उंबर वर आलेला, गुलाबाच्या जागी रानहळद फुललेली... खोटं कशाला बोलू, फार सुंदर होतं.

"बोललास का घरी?"

"सांगतो गं. आधी बघू तरी दे."

बुरुजाच्या आतल्या भिंतीवर नावं कोरलेली. आपल्याकडे पडकी भिंत दिसली की नाव लिहिल्याशिवाय माणसाचा पाय निघत नाही. वाचता वाचता मी थांबले. 'दिलीप – माधवी'. खाली दोन रेघा, दुसरी आखूड. दिलीप सही केली की अशाच दोन रेघा मारायचा. अक्षरही त्याचंच. रोज त्याच्या स्लिपा टाइप करायचे मी, ओळखणार नाही?

"माधवी कोण?"

"आईशप्पथ, या नावाची कुणी माहितीच नाही मला! इथे आयुष्यात पहिल्यांदा येतोय मी!" तो पांढराफटक पडला होता.

मी नखानं खरवडून पाहिलं. खाचेत शेवाळं घट्ट बसलेलं, 'ध'मधून नेच्याचं रोप बाहेर आलेलं. हे कालपरवाचं नव्हेच. आणि रेघांची सवय तर त्याला स्टोअरमध्ये येऊन लागलेली, जेमतेम दोन वर्षांपूर्वी.

आम्ही कडाकडा भांडलो. उत्तराचं राहूनच गेलं.

पंधरा दिवस मी अबोला धरला. मग माझंच मन मला खायला लागलं. बाबाही म्हणाले, "पुरावा नसताना माणसाला दोषी ठरवतेस?" शेवटी स्टोअरमध्ये जाऊन, चार लोकांसमोर, मी त्याची माफी मागितली. त्यानं मोठ्या मनानं माफ केलं. घरी बोललास का, हे विचारायला मग मला तोंडच उरलं नाही.

फेब्रुवारीत त्याच्या लग्नाची पत्रिका माझ्या टेबलावर आली. मुलगी त्यांच्याच जातीतली, नाव कल्पना. मी रडले, पण आत एक वेडं समाधानही होतं – निदान भिंत तरी खोटी ठरली.

लग्नाला मी गेले नाही. आमच्या टेलिफोन ऑपरेटर कुंदाताई गेल्या होत्या. सोमवारी डबा खाताना त्या रंगात येऊन सांगू लागल्या, "नवरा काय लाजत होता गं! तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायला लावलं त्याला. लिहिलं माधवी, आणि खाली दोन रेघा मारल्या, सही केल्यासारख्या! सगळे खो खो हसले..."

मी डबा तसाच झाकून ठेवला.

तो कामावर आला त्या दिवशी मी त्याला गाठलं. "हे नाव कुणी सुचवलं?"

"भटजींनी 'म' अक्षर दिलं, आई म्हणाली माधवी ठेव. का गं?"

"शेठच्या किल्ल्यातली भिंत आठवते?"

त्यानं जरा विचार केला. "कुठली भिंत?"

खोटं बोलताना तो कान खाजवायचा. तेव्हा खाजवला नाही.

नंतर एकदा मी एकटीच भर दुपारी तिथे जाऊन आले. नावं तशीच होती. उगाच सगळ्या भिंतींवर 'सुजाता' शोधत बसले. कुठेच नव्हतं.

ते कुणी कोरलं, कधी कोरलं, मला आजही सांगता येत नाही. भिंतीवर माझा रागही नाही. तिनं बिचारीनं वेळेवर सांगितलं होतं; मीच तिला खोटं पाडून त्याच्या पाया पडले. हे बाबांना मी ते जाईपर्यंत सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं, "नीट तपासलंस का?" आणि मला म्हणावं लागलं असतं – भिंत तपासली बाबा, माणूस तपासायचा राहिला.